कैसरियाचे अष्टकोनी चर्च : खालच्या मंदिरासाठी वरची फरशी उचलावी का?

धागाकर्ती
इस्रायलच्या भूमध्य किनाऱ्यावरील कैसरिया या प्राचीन बंदरनगरीत एकाच चौथऱ्यावर दोन वास्तू एकीवर एक उभ्या राहिल्या. इसवी सनपूर्व २२ ते १० च्या सुमारास राजा हेरोदाने हे शहर वसवले आणि बंदरासमोरच्या उंचवट्यावर सम्राट ऑगस्टस व रोमा देवी यांचे मंदिर बांधले. पुढे ते मंदिर गेले आणि इ.स. ५०० च्या सुमारास त्याच जागी अष्टकोनी चर्च आले. अशा ठिकाणी, खाली आणखी जुने काही आहे एवढ्याच कारणासाठी, चर्चचा उरलासुरला पाया आणि फरशीचे अवशेष काढून टाकू नयेत, असे माझे ठाम मत आहे. फरशीखालच्या चुन्यात रुतलेले एखादे झिजके नाणे ती फरशी कधी घातली हे सांगते. तेच नाणे उपसलेल्या मातीच्या ढिगात मिळाले, तर त्यावरून फरशीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

पहिला प्रतिसाद
आपली कळकळ समजते, पण मत पटत नाही. मंदिर समुद्रातून येणाऱ्यांना दुरूनच दिसे, असे पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस याने लिहून ठेवले आहे. मात्र त्याचे खांब स्थानिक कुर्कार वालुकाश्माचे असून त्यांवर पांढऱ्या चुन्याचा गिलावा चढवलेला होता, हे उत्खननात हाती आलेल्या तुकड्यांमुळेच कळले. संगमरवराचा भास देणारा तो गिलावा हेरोदाच्या कारागिरीबद्दल जे सांगतो, ते कोणत्याही ग्रंथात नाही. आणखी एक उदाहरण याच शहराचे आहे. १९६१ मध्ये इटालियन पथकाला येथील नाट्यगृहात, येशूला क्रूसावर देण्याचा हुकूम देणारा रोमन अधिकारी पंतय पिलात याचे नाव कोरलेला दगड मिळाला, तोही नंतरच्या काळात पायरी म्हणून बसवलेला. नंतरचे बांधकाम आहे म्हणून ती पायरी कोणी हलवलीच नसती, तर एवढा पुरावा अंधारातच राहिला असता.

दुसरा प्रतिसाद
फरशी न उचलता, जमिनीत लहरी सोडणाऱ्या रडारने खालचे पाहता येईल, असे कोणी सुचवण्याआधीच सांगतो की किनाऱ्यावरच्या खारट, ओलसर जमिनीत त्या लहरी लवकर क्षीण होतात. तो मार्ग येथे फारसा भरवशाचा नाही.

धागाकर्ती
पिलाताच्या दगडाचे उदाहरण मला मान्य आहे, पण ते या प्रश्नाला लागू पडत नाही. एक सुटा दगड नोंद करून उचलणे वेगळे आणि अख्खी फरशी उखडणे वेगळे. शिवाय मंदिराच्या भिंतींचे घडीव दगड नंतरच्या बांधकामांसाठी केव्हाच उचलले गेले. चर्चखाली उरला आहे तो मुख्यतः पाया. त्या पायाचा आणखी काही हात लांबीचा भाग पाहण्यासाठी आपण चर्चचा किती भाग गमावणार आहोत, हा हिशेब आधी मांडायला हवा. आणि चर्च म्हणजे मंदिराच्या वाटेतला अडथळा नव्हे. ज्या शहरात ख्रिस्ती धर्मपंडित ओरिजेनने अध्यापन केले आणि चर्चचा इतिहासकार युसेबियस बिशप होता, त्या शहराने देवळाच्याच चौथऱ्यावर चर्च का उभारले असेल, हा प्रश्न मला तरी हेरोदाच्या खांबांहून मोठा वाटतो.

पहिला प्रतिसादकर्ता
मग एक मधला मार्ग सुचवतो. अष्टकोनाच्या आठही बाजू आराखड्यात सारख्याच आहेत. त्यांतील एकाच बाजूचा भाग पूर्ण नोंदी, छायाचित्रे आणि मोजमापे घेऊन खालपर्यंत खणावा व उरलेल्या सात बाजू पुढच्या पिढीच्या अभ्यासकांसाठी राखून ठेवाव्यात.

तिसरा प्रतिसाद
चर्चा दोनच थरांवर अडकली आहे, याचे मला वाईट वाटते. याच शहरात क्रुसेडरांनी (युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी) तीन अर्धवर्तुळाकार टोकांचे कॅथेड्रल बांधले, १२६५ मध्ये इजिप्तचा मामलुक सुलतान बैबर्स याने शहर जिंकले आणि १८८४ मध्ये बोस्नियातून आलेल्या मुस्लिमांनी या अवशेषांतच वस्ती केली. त्यांची मशीद आजही बंदराजवळ उभी आहे. सर्वांत जुने तेच सर्वांत मोलाचे, हा आग्रह एकदा मान्य केला की या सगळ्यांवर कुदळ चालवायला आपण मोकळे होतो.

धागाकर्ती
तिसऱ्या प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे. आठव्या हिश्शाची सूचना मात्र मला अर्धीच मान्य आहे. आराखड्यात बाजू सारख्या असल्या तरी वापरात त्या सारख्या नसतात; वेदी एका बाजूला असते, प्रवेश दुसरीकडून असतो. म्हणून खणायचेच असेल तर जेथे फरशी आधीच उखडलेली आहे, त्याच जागी चर घ्यावा, आणि तोही आधीच्या खोदकामांचे अहवाल संपूर्ण प्रसिद्ध झाल्यानंतरच.