शाळेत मुलींसाठी पॅडचं मशीन घ्यावं की दुसरं काही? 60 हजार हातात आहेत

समितीसदस्य_वऱ्हाड

नमस्कार. जिल्हा परिषदेची शाळा, सातवी ते दहावीत 112 मुली. शाळा व्यवस्थापन समितीकडे एका दात्याकडून 60 हजार आले आहेत, अट एकच, पैसे मुलींसाठीच खर्च करायचे. मुलींची गैरहजेरी मुलांपेक्षा जास्त दिसते आणि दुपारच्या सत्रात तर फारच. पाळीमुळे असेल असं सगळे म्हणतात, म्हणून पॅडचं व्हेंडिंग मशीन आणि वापरलेली पॅड जाळायचं मशीन असा जोड घ्यायचं बैठकीत जवळपास ठरलंय.

मुलींसाठी शौचालयं दोन आहेत. टाकी 300 लिटरची, आत नळ नाही, बाहेरून बादली भरून न्यावी लागते. एका दाराची आतली कडी तुटलेली. छोटी सुट्टी 10 मिनिटं, मोठी 40. मशीन कोणतं घ्यावं, काही अनुभवी माणसं सांगतील का?

निवृत्त_केंद्रप्रमुख

दादा, मशीन राहू द्या बाजूला. आधी हजेरीपट उघडा.

मागच्या तीन महिन्यांची मुलींची हजेरी घ्या आणि गैरहजेरी वारानुसार, सत्रानुसार मांडा. गैरहजेरी आठवडी बाजाराच्या दिवशी वाढत असेल तर आई बाजाराला जाते आणि मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, त्याला पॅडचा काही उपयोग नाही. दिवाळीच्या आगेमागे सलग आठ-दहा दिवस असेल तर कापूस वेचणी. सकाळी हजर आणि दुपारी गायब, हे बहुतेक वेळा शौचालयाचं लक्षण असतं. वर्गातल्या वेगवेगळ्या मुली वेगवेगळ्या तारखांना दोन-तीन दिवस गळतात आणि महिन्याभराने पुन्हा तसंच होतं, तर मग पाळीचा मुद्दा.

नववी-दहावीतली एखादी सुट्टीनंतर परतलीच नाही तर वाट पाहत बसू नका. लग्नाची बोलणी चालू आहेत का बघा. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी). त्यांना लेखी कळवा आणि 1098 या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आरोग्य_उपकेंद्र

केंद्रप्रमुख साहेब, मांडणी ठीक आहे, पण एक धोका सांगते. हे बघून कुणी उत्साहाने मुलींच्या पाळीच्या तारखा वहीत लिहायला लागेल. ते अजिबात करू नका. आकडे वर्गाचे ठेवा, एकेका मुलीचे नकोत. "तुला कधी येते" हा प्रश्न शाळेने कुणालाच विचारायचा नाही.

पाणी_आणि_प्लंबिंग

तुम्ही दिलेले आकडेच पुरेसे बोलतात. छोटी सुट्टी 10 मिनिटं, शौचालयं दोन, एकीला बादलीसकट 2 मिनिटं धरली तर 10 जणी. मोठ्या सुट्टीत, सगळ्यांनी डबा सोडून रांग लावली तरी 40. दिवसभरात झाल्या 50. उरलेल्या 62 मुली काय करतात? पाणीच पीत नाहीत. त्यातून डोकेदुखी, लघवीची जळजळ आणि दुपारी घर. पाळीचे दिवस असोत की नसोत.

स्वच्छ विद्यालय मोहिमेचं माप 40 मुलांमागे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या असं आहे. म्हणजे तुमच्याकडे मुताऱ्याच नाहीत, खरी अडचण तिथे आहे. मुलींसाठी सहा मुताऱ्यांची एक ओळ बांधा. मध्ये आडव्या भिंती, समोर आडोसा, फरशीला नाल्याकडे चांगला उतार. एकीला 1 मिनिट धरलं तर 10 मिनिटांत 60 मुली मोकळ्या होतात. बांधकामात हीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट.

पाण्याचं गणित: 112 मुली, दिवसातून दोनदा, दर वेळी 4 लिटर, म्हणजे जवळपास 900 लिटर. तुमची टाकी 300 ची, मुताऱ्या झाल्या की ती छोट्या सुट्टीतच जवळपास संपेल. 1000 लिटरची घ्या. नळ आत हवा, गुडघ्याच्या उंचीवर, खाली बादली मावेल असा. बाहेरून बादली आणायची म्हणजे सगळ्या मैदानाला कळतं की कोण आत चाललंय.

आता जिथे पॅड बदलायचं त्या खोलीत काय हवं ते सांगतो. जागा किमान चार बाय पाच फूट. आतून लोखंडी कडी, आणि ती चौकटीला स्क्रूने नाही तर आरपार बोल्टने बसवा. पत्र्याच्या दाराला स्क्रूने लावलेली कडी सहा महिन्यांत निघते, तुमची तुटलेली बहुधा तशीच असणार. दाराच्या आतल्या बाजूला दोन हुक, एक दप्तराला, एक ओढणीला. छातीच्या उंचीवर हातभर लांब कडप्प्याची फळी, पॅड आणि साबण ठेवायला. खालची जमीन ओली असते, ठेवणार कुठे? वर जाळी, उजेडासाठी. आणि कोपऱ्यात पायाने उघडायचा झाकणाचा डबा. डबा बाहेर व्हरांड्यात ठेवला तर कुणी वापरत नाही. आत नसला की पॅड भांड्यात जातं, आतला जेल पाणी पिऊन फुगतो, ट्रॅप म्हणजे भांड्याखालचा वाकडा पाइप तुंबतो आणि मग "मुलींनी शौचालय खराब केलं" म्हणून त्याला कुलूप लागतं. हे चक्र इतक्या शाळांत दिसतं की पाठ झालंय.

समितीसदस्य_वऱ्हाड

50 चा हिशोब वाचून बैठकीतले सगळे गप्प होतील. पण व्हेंडिंग मशीन नको असं का म्हणताय? ते तर बऱ्याच शाळांत बसवलेलं असतं.

पाणी_आणि_प्लंबिंग

बसवलेलं असतं हे खरं. चालू असतं का ते बघा. मशीनची स्प्रिंग ठरावीक जाडीच्या पाकिटासाठी असते. पहिला साठा संपला की गावच्या मेडिकलमधलं पॅड त्यात बसत नाही, अडकतं. नाणं आत, पॅड नाही, मुलगी वर्गाबाहेर उभी. वीज गेली की इलेक्ट्रॉनिक मशीन बंद. त्याला किल्ली असते आणि किल्ली नेमकी रजेवर गेलेल्या मॅडमकडे असते.

त्यापेक्षा लाकडी कपाट, मुलींच्या खोलीत, बिनकुलपाचं. जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्यांत दोन-दोन पॅड. दुसरा साठा वर्गशिक्षिकेच्या टेबलाजवळ. पहिल्या महिन्यात 120 पॅड ठेवा आणि महिनाअखेर उरलेली मोजा, तुमच्या शाळेची गरज कळेल. 20 उरली की पुढची मागणी. पहिल्या आठवड्यात काही मुली घरी बहिणीसाठी नेतील, ओरडू नका, दुसऱ्या महिन्यात स्थिरावतं. त्याच कपाटात दोन-तीन मापांच्या निकर, दोन गडद सलवारी, अंगाचा साबण आणि रिकाम्या कागदी पुड्या.

आरोग्य_उपकेंद्र

जाळायच्या मशीनबद्दल मी लिहिते. शाळांत येणारं छोटं विजेचं मशीन म्हणजे कॉइलवर तापणारी पेटी. ओलं पॅड त्यात नीट पेटत नाही, धुमसतं. पॅडमध्ये वरचा थर आणि तळ प्लॅस्टिकचा असतो, तो स्वच्छ जळायला 800 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. कमी तापमानात विषारी धूर होतो. चिमणी छतावर नसली तर तो धूर शौचालयातच कोंडतो, आणि असली तरी धूर दिसला की मुलांना कळतं की "मशीन चालू आहे". मग मुली ते वापरतच नाहीत. शिवाय एका वेळी ठरलेल्यापेक्षा जास्त पॅड कोंबली की कॉइल जाते आणि दुरुस्तीवाला जिल्ह्याहून बोलवावा लागतो.

झाकणाच्या डब्यात वर्तमानपत्र अंथरा, पॅड कागदात गुंडाळूनच टाकायचं. डबा रोज रिकामा. नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची घंटागाडी येत असेल तर हा कचरा वेगळ्या पिशवीत द्या, पिशवीवर लाल खूण करा. घंटागाडी नसेल तर कुंपणाच्या आत, विहीर-बोअरपासून किमान 50 फूट लांब, झाकण असलेला खोल खड्डा. पण समजून घ्या, सुती कापड त्यात कुजतं, प्लॅस्टिकचं पॅड कुजत नाही, फक्त साठतं. खड्डा भरला की दुसरा लागतो.

डबा कोण उचलणार हे बैठकीतच ठरवा. हातमोजे आणि चिमटा देऊन, पैसे देऊन, मोठ्या माणसाने. आळीपाळीने मुलींना शौचालय धुवायला लावणं बंद. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणाऱ्या शाळा अनुदानातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेसाठीच असतो, आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. सफाईचं मानधन तिथून मागा. दात्याचे पैसे एकदाच आलेत.

आणि पॅडच वापरलं पाहिजे असा प्रचार करू नका. घरी कापड वापरणाऱ्या मुली पुष्कळ. स्वच्छ सुती कापड चांगलं असतं, गार पाण्यात साबणाने धुवायचं आणि उन्हात वाळवायचं. बिघडतं कुठे, तर लाजेपोटी ते दुसऱ्या कपड्याखाली, अंधारात वाळत घातलं जातं आणि दमट राहतं. पॅड असो की कापड, चार ते सहा तासांनी बदलायचं. शाळा सकाळी 10 ते 5 असेल तर मधे एकदा बदलणं आलंच, म्हणून ती चार बाय पाचची खोली.

गणिताचे_सर

पुरुष शिक्षकांचा प्रश्न कुणी काढला नाही. मुलीला तासाला बाहेर जायचं तर हात वर करून सगळ्यांसमोर "सर, जाऊ का?" विचारावं लागतं आणि आपण म्हणतो, "आत्ताच तर सुट्टी झाली." त्यासाठी दाराजवळ खिळ्याला दोन पुठ्ठे टांगायचे, एक मुलींचा, एक मुलांचा. जिला जायचं ती पुठ्ठा घेऊन जाईल, कुणाला न विचारता. एका वेळी एकच. पहिले चार दिवस गंमत म्हणून फिरतात, नंतर थांबतात.

आणि गणवेश. सलवार पांढरी असेल तर या वर्षी बदला. निळी, मरून, काहीही चालेल. पांढऱ्या सलवारीवर डाग दिसेल या धास्तीने मुलगी फळ्यावर उदाहरण सोडवायला उठत नाही आणि आपण समजतो तिला येत नाही.

आरोग्य_उपकेंद्र

सरांना शंभर टक्के. आता लोहाच्या गोळीबद्दल, कारण दुपारची सुस्ती पुष्कळदा रक्ताच्या कमतरतेमुळे असते. सहावी ते बारावीला आठवड्यातून एकदा निळी गोळी असते, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. बहुतेक शाळांत सोमवारी. फसते ती वेळेमुळे. सकाळी परिपाठाला उपाशीपोटी दिली की मळमळते, दोघींना उलटी झाली की "गोळी वाईट" असं गावभर होतं. जेवणानंतरच द्या. आठवीपर्यंत पोषण आहारानंतर, नववी-दहावीला डब्यानंतर. वर्गातच, शिक्षकांसमोर गिळायची, घरी पाठवलेली गोळी उकिरड्यावर जाते. शौच काळी होते हे आधीच सांगा, नाहीतर घाबरतात. गोळीनंतर तासभर चहा नको. जेवणात लिंबू पिळलं तर लोह जास्त लागू पडतं. जंताची गोळी वर्षातून दोनदा, ती चुकवू नका, जंत असले की लोह वाया जातं.

ही गोळी कमतरता होऊ नये म्हणून आहे. बारा वर्षांपुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही, तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. 8 च्या खाली असेल तर त्याच दिवशी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा मुलींची तपासणी राहून जात नाही ना ते बघा. पाळी सात दिवसांहून जास्त चालत असेल किंवा दर तास-दोन तासांनी पॅड भिजत असेल, तर ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठीचं मैत्री क्लिनिक आहे. पोटदुखीला शाळेने स्वतःच्या मनाने गोळ्या वाटू नयेत. गरम पाण्याची पिशवी आणि आडवं व्हायला एक सतरंजी पुरते.

माहितीचा तास पाचवी-सहावीतच घ्या. आठवीत घेतला तर निम्म्या मुलींना पाळी येऊन गेलेली असते, आणि "कावळा शिवला" एवढंच कळलेलं असतं. मुलांनाही सांगा, वेगळ्या तासाला, त्याच आठवड्यात. चिठ्ठ्यांचा डबा ठेवा, प्रश्न त्यातून घ्या.

निवृत्त_केंद्रप्रमुख

चिठ्ठ्यांच्या डब्यात कधी कधी पाळीपेक्षा वेगळं काही निघतं. कोण हात लावतो, रस्त्यात कोण अडवतो. मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती तुमच्याकडे कागदावर असेलच, मार्च 2022 च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत आहे, तिला खरोखर बसवा. पण लैंगिक छळाची चिठ्ठी असेल तर ती समितीत चर्चेला ठेवायची नसते. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गावात मिटवायचा विषयच नाही.

समितीसदस्य_वऱ्हाड

सगळ्यांचे आभार. शनिवारी बैठक आहे. क्रम असा धरलाय: मुताऱ्या, टाकी आणि आतले नळ, कडी-हुक-फळी, कपाट. मशीन नाही. एक शंका, 1000 लिटरची टाकी शौचालयाच्या छतावरच ठेवली तर चालेल ना? वर पत्रे आहेत.

पाणी_आणि_प्लंबिंग

पत्र्यावर नाही. भरलेली टाकी एक टन होते. शौचालयाच्या मागे विटांचा किंवा लोखंडी अँगलचा चौथरा करा, टाकीचा तळ नळापेक्षा किमान पाच-सहा फूट वर येईल असा. चौथऱ्याचा वरचा भाग सपाट हवा, प्लॅस्टिकची टाकी कडांवर टेकली की तळ चिरतो. मुख्य पाइप एक इंची, प्रत्येक नळाला अर्धा इंची फाटा आणि प्रत्येक फाट्याला पाणी बंद करायचा वेगळा कॉक, म्हणजे एक नळ गळला तर सगळं पाणी बंद करायला लागणार नाही. ते कॉक भिंतीच्या बाहेरच्या अंगाला ठेवा, प्लंबरला मुलींच्या बाजूला यावं लागणार नाही.