डेबियन १३: एका प्रोग्रॅमपायी टेस्टिंगवर जाऊ का?

काठावरचा
नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर डेबियन १३ ही लिनक्स सिस्टीम आहे, म्हणजे सध्याचं स्टेबल (पक्की झालेली आवृत्ती). व्हिडिओ एडिटिंगसाठी केडेनलाइव्ह वापरतो. परवा सहकाऱ्याने पाठवलेली प्रोजेक्ट फाइल उघडेचना, कारण त्याच्याकडची आवृत्ती माझ्यापेक्षा नवी. तो म्हणतो, "टेस्टिंगवर ये, वर्षभर वापरतोय, काही होत नाही." टेस्टिंग म्हणजे पुढचं स्टेबल जिथे घडतं ती आवृत्ती. माझं मशीन एकच, कामाचंही तेच. जाऊ का?

रात्रपाळी
जा बिनधास्त. नावाला घाबरू नका. अनस्टेबलमध्ये, म्हणजे नवं सगळ्यात आधी येतं तिथे, आलेलं पॅकेज (प्रोग्रॅमचा गठ्ठा) साधारण ५ दिवस तिथे मुरतं, तातडीचं असेल तर २. नवा गंभीर बग निघाला नाही तरच ते टेस्टिंगमध्ये उतरतं. मी तेच चालवते.

जुनं खोड
खरंय, पण ही चाळणी दुरुस्त्यांनाही लागते. सुरक्षेचं भोक बुजवायचं असेल तर स्टेबलला सिक्युरिटी टीम थेट अपडेट देते, अनस्टेबलमध्ये मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) नवं पॅकेज टाकतो, आणि टेस्टिंगवाला रांगेत उभा. त्यात पॅकेजला लागणारी एखादी लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम वापरतात तो सामाईक कोड) अडकली की रांग हलतच नाही.

माझंच सांगतो. २०२४ मध्ये मीही टेस्टिंगवर होतो. ३२ बिटांत मावणारा वेळेचा आकडा जानेवारी २०३८ मध्ये संपतो, म्हणून तो ६४ बिटांचा करायचं मोठं काम तेव्हा निघालं होतं. ढिगाने लायब्ऱ्यांची नावं बदलली, शेपटीला 'टी६४' लागलं. जुनी-नवी नावं एकत्र नांदेनात. मी रात्री फुल-अपग्रेड दिलं, म्हणजे सगळी पॅकेजं एकदम नवी करायची कमांड. काय काय काढून टाकणार त्याची यादी दोन स्क्रीनभर आली आणि मी सवयीने 'वाय' दाबला. सकाळी डेस्कटॉप नाही, काळ्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर. चूक माझीच, ॲप्टने (पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमने) सगळं लिहून दाखवलं होतं.

तुम्हाला अख्खी सिस्टीम नवी हवीय की एक प्रोग्रॅम? एकच असेल तर फ्लॅटहब या साइटवरून केडेनलाइव्हचा फ्लॅटपॅक (लागणाऱ्या लायब्ऱ्या वेगळ्या ठेवणारा गठ्ठा) घ्या, खालच्या सिस्टीमला धक्का लागत नाही. उद्या नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) लागला तर बॅकपोर्ट्स, म्हणजे स्टेबलसाठी बांधलेली नवी पॅकेजं, आहेत. एक मात्र करू नका: स्टेबलच्या सोर्सेस फाइलमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) टेस्टिंगची ओळ घालून तिथलं एकच पॅकेज ओढणं. त्याच्यामागून नवी लिबसी (जवळपास सगळ्यांना लागणारी मूळ लायब्ररी) येते, तिच्यामागून आणखी दहा जणी, आणि घर ना धड स्टेबल ना धड टेस्टिंग. फ्रँकनडेबियन म्हणतात त्याला. तिथून मागे यायचा अधिकृत रस्ता नाही.

रात्रपाळी
खोडबुवा, पुढचा दाखला मीच देते. एक्सझी या फाइल आवळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी घुसवलेलं बॅकडोर (चोरवाट) टेस्टिंगपर्यंत पोचलं होतं, स्टेबल सुटलं. पण २९ मार्च २०२४ ला ते जगापुढे आणलं अँड्रेस फ्रॉइंड यांनी. एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून ते खणत गेले, तेही अनस्टेबलवर. कुणीतरी नवं चालवतं म्हणूनच तुमचं स्टेबल शाबूत आहे!

जुनं खोड
चालवावंच की. मीही चालवतो, व्हर्च्युअल मशीनमध्ये, आणि बगही नोंदवतो. प्रश्नकर्त्याचं मशीन एकुलतं एक आहे, म्हणून नको म्हणतोय.

काठावरचा
फ्लॅटपॅक टाकला, फाइल उघडली! दोघांचे आभार. एक शंका: सोर्सेस फाइल उघडली तर तिथे 'ट्रिक्सी' या डेबियन १३ च्या नावाऐवजी 'स्टेबल' लिहिलंय. कुठल्याशा व्हिडिओत बघून मीच बदललं होतं. चालेल ना?

जुनं खोड
आजच 'ट्रिक्सी' करा. 'स्टेबल' ही फिरती पाटी आहे. डेबियन १४ आलं की ती त्याच्यावर लागणार आणि रोजचं अपडेट म्हणून दिलेली कमांड थेट पुढच्या आवृत्तीवर नेणार. पाटी बदलल्याचं ॲप्ट विचारतं म्हणा. पण तिथेही 'वाय' दाबणारे आपणच.