पुन्हा एकत्र आलेल्या बँडचे लाइव्ह अल्बम: शिळ्या कढीला ऊत की आणखी काही?

जुनीरेकॉर्ड (धागाकर्ता):
बँड फुटतो, वर्षं जातात, मंडळी पुन्हा एका मंचावर येतात आणि त्या कार्यक्रमाचा अल्बम निघतो. अशा अल्बमना ‘शिळ्या कढीला ऊत’ म्हणून मोडीत काढलेलं वाचलं की जीव तुटतो. माझ्या मते काही गाणी पुरी होतात ती तिथेच.

फ्लीटवुड मॅकचा १९९७चा ‘द डान्स’ घ्या. त्यांचा गिटारवादक लिंडसी बकिंगहॅम १९८७ साली बाहेर पडला होता. दहा वर्षांनी ‘रूमर्स’ या अल्बमच्या वेळचे पाचही जण पुन्हा एकत्र उभे राहिले. त्यातलं ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ बँडची गायिका स्टीव्ही निक्सने लिहिलं ते बकिंगहॅमशी नातं तुटत असताना. एलपी तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटंच मावतात आणि गाणं लांब, म्हणून १९७७च्या ‘रूमर्स’मधून ते वगळलं. मग गेलं कुठे? तर बकिंगहॅमच्याच ‘गो युअर ओन वे’ या सिंगलच्या मागच्या बाजूला. त्याची तक्रार पुढे, तिचं उत्तर पाठीमागे.

वीस वर्षांनी ती ते गाते तेव्हा सुरुवात अगदी दबकी आहे. शेवटाकडे ती त्याच्याकडे वळते, नजर हलवत नाही, आवाज फाटेस्तोवर चढवते. तो गिटार न सोडता, तिच्याकडे बघत, तिच्याच ओळींना खालून आपला सूर लावतो. ज्याच्याबद्दल गाणं आहे तोच साथ करतोय! मूळ रेकॉर्डिंगमध्ये हे येणं शक्यच नव्हतं, कारण तेव्हा ती वीस वर्षं जगायची होती.

साधासूर:
असहमत. गाणं उत्तम आहे, पण हे ‘लाइव्ह’ म्हणजे काय ते बघा. कॅलिफोर्नियात बरबँकला वॉर्नर ब्रदर्सचा स्टुडिओ, निमंत्रित श्रोते, एमटीव्हीचे कॅमेरे. कॅमेरा कुठे लावलाय हे त्या दोघांना पक्कं ठाऊक होतं. त्या नजरेला मी खासगी क्षण मानत नाही. आणि मुहूर्त? ‘रूमर्स’ची विशी. अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर, पाठोपाठ दौरा, आणि १९९८मध्ये पाचांपैकी क्रिस्टीन मॅकव्ही बाहेर. झालं मिलन.

ईगल्सचं तेच. १९८०ला फुटले, १९९४ला ‘हेल फ्रीझेस ओव्हर’ घेऊन परतले. ध्वनिमुद्रण बरबँकलाच, आणि दोन्ही अल्बमच्या निर्मितीत एलियट शायनर. पुनर्मिलनाचा अल्बम म्हणायचा आणि त्यात चार नवी गाणी स्टुडिओत केलेली. दौऱ्याची तिकिटं शंभर डॉलरच्या वर गेली तीही याच वेळी.

नायलॉनतार:
तिकिटांचं सोडा, त्यातलं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ ऐका. बँडचा गिटारवादक डॉन फेल्डरने नायलॉनच्या तारांवर वेगळीच सुरुवात बांधली आहे. लोकांना गाणं ओळखूच येत नाही. मग ढोलाचा तो खोल ठोका पडतो, आणि ओळखीची स्वरावली सुरू झाली की श्रोते एकदम ओरडतात. चांगल्या स्पीकरवर तो ठोका छातीत जाणवतो. ऐकणाऱ्याचा ‘अरे, हे तर तेच!’ हा क्षण स्टुडिओच्या मूळ गाण्यात कुठून येणार?

आणि खोटेपणाच काढायचा तर १९८०चा ‘ईगल्स लाइव्ह’ काढा. बँडमध्ये बोलणं बंद, एक जण अमेरिकेच्या एका किनाऱ्यावर, बाकीचे दुसऱ्या. सुधारून गायलेल्या हार्मनी, म्हणजे साथीचे सूर, कुरियरने इकडून तिकडे. तो फुटण्याच्या वेळचा अल्बम. १९९४ला निदान सगळे एकाच मंचावर बसून एकमेकांचं ऐकत होते.

साधासूर:
‘हॉटेल कॅलिफोर्निया’ मान्य, त्यावर वाद नाही. पण ती सुरुवात बांधणाऱ्या फेल्डरलाच २००१मध्ये बँडने काढून टाकलं, हेही त्याच गोष्टीत धरा.

माझा खरा मुद्दा सायमन आणि गारफंकल या फुटलेल्या जोडीचा आहे. १९ सप्टेंबर १९८१, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क, पाच लाखांच्या घरात माणसं. इथे स्टुडिओ नाही, निमंत्रण नाही. पॉल सायमन ‘द लेट ग्रेट जॉनी एस’ हे नवं गाणं गात होता. त्यात बीटल्सच्या जॉन लेननच्या मृत्यूचा उल्लेख आहे. लेननला मारून वर्षही झालं नव्हतं, आणि तेही त्याच पार्कच्या कडेला. गाणं चालू असताना एक माणूस मंचावर धावत आला. सायमन दचकून मागे सरला, माणसाला बाजूला नेलं, आणि सायमनने गाणं पुरं केलं. त्या संध्याकाळचा याहून जिवंत क्षण दाखवा मला. १९८२चा अल्बम आला तेव्हा त्यात हे गाणंच नव्हतं! पुनर्मिलनाच्या अल्बमवर माझा राग आहे तो इथे. गोड आठवणीला ओरखडा पडेल असं काही ठेवत नाहीत.

जुनीरेकॉर्ड:
तो काप मलाही सलतो, त्याचं समर्थन करणार नाही. पण ओरखडे ठेवत नाहीत हे ‘द डान्स’ला लागू पडत नाही. त्यातलं ‘बिग लव्ह’ हे गाणं मुळात १९८७ला आलं तेव्हा ते स्टुडिओत थरावर थर चढवून केलेलं होतं. १९९७ला बकिंगहॅम एकटा, एक गिटार, बोटांनी वाजवतोय आणि ओरडतोय. लपायला जागाच नाही.

पाटीवरचीधूळ:
छोटी भर. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ १९९२च्या बॉक्स सेटमध्ये आलं होतं. निक्सला ते त्याआधी स्वतःच्या निवडक गाण्यांच्या अल्बमसाठी हवं होतं, बँडचा ड्रमर मिक फ्लीटवुडने दिलं नाही, आणि ती बँड सोडून गेली त्याचं हे एक मोठं कारण. म्हणजे १९९७ला ती फक्त बकिंगहॅमकडून नाही, सगळ्या बँडकडून ते गाणं परत घेत होती. साधासूर, याला कॅमेऱ्यासाठी केलेलं म्हणवत नाही मला.

साधासूर:
हे माहीत नव्हतं, आभार. काल चित्र बंद ठेवून मूळचं आणि १९९७चं लागोपाठ ऐकलं. नंतरच्यात आवाज खाली उतरलाय, वर जाताना खरखरतो, ते भिडतं. तरी मला जुनंच जास्त टोचलं. तिथे ती कोणाकडे बघत नाहीये, उत्तर मिळेल अशी आशाही नाही. ‘जॉनी एस’ त्या कार्यक्रमाच्या व्हिडिओत आहे, अल्बममध्ये नसलं तरी. तेवढं बघून घ्या, मग पुढे बोलू.