जुन्या विंडोजमधून ड्रायव्हर काढताना: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, विंडोज ७ची मोफत अपडेट्स १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. तरी मुंबईत झेरॉक्सच्या दुकानांत, क्लासेसमध्ये, सोसायटीच्या ऑफिसांत ते अजून चालतंय. ज्यांनी त्यातून स्वतः ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड वगैरे विंडोजशी जोडून चालवणारं सॉफ्टवेअर, काढलेत, त्यांनी काय केलं ते क्रमासकट लिहा.

दादर, डीटीपीचं काम
प्रिंटरचं चिन्ह डिलीट केलं म्हणजे ड्रायव्हर गेला असं होत नाही. 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स'मध्ये कुठलाही प्रिंटर निवडा, वरच्या पट्टीत 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' येतं. तिथल्या 'ड्रायव्हर्स' टॅबमधून मी ड्रायव्हर पॅकेजसकट, म्हणजे त्याच्या इन्स्टॉलच्या फाइलींसकट, काढते. 'वापरात आहे' म्हणून अडला, तर प्रिंट स्पूलर सर्व्हिस (छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) बंद करून पुन्हा चालू करते आणि लगेच काढते. लग्नपत्रिकांची घाई सुरू झाली की या कामाला सवड नसते, म्हणून ते आधीच उरकलेलं बरं.

मुलुंड
ग्राफिक्स कार्डाचं सांगतो. पहिल्यांदा रिस्टोअर पॉइंट करा, म्हणजे बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत नेता येतं. मग इंटरनेटची वायर काढा, नाहीतर विंडोज अपडेट परस्पर दुसराच ड्रायव्हर आणून बसवतं. मशीन सुरू होताना एफ८ दाबून सेफ मोड (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर चालतं तो), आणि तिथे 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' चालवा; हे सॉफ्टवेअर विंडोजमध्ये नसतं, वायर काढण्याआधी डाउनलोड करून ठेवा. रीस्टार्टनंतर अक्षरं मोठी आणि फाटल्यासारखी दिसतील. घाबरू नका, विंडोजचा साधा व्हीजीए ड्रायव्हर चालू असतो.

गिरगाव
नेटवर्क कार्डाचा काढणार असाल, तर नवा आधी पेनड्राइव्हवर घ्या. काढल्यावर डाउनलोड कशावरून करणार?

लॅमिंग्टन रोड, रिपेअरिंग
'काढला तरी परत येतो' ही आमच्याकडची नेहमीची तक्रार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर सॉफ्टवेअरही डिलीट करायचं का, अशी चौकट येते. तिच्यात टिक केली नाही, तर फाइली ड्रायव्हर स्टोअरमध्ये (विंडोज ड्रायव्हरच्या प्रती ठेवतं ते फोल्डर) तशाच राहतात आणि रीस्टार्ट केलं की तोच ड्रायव्हर पुन्हा बसतो. विंडोजसोबत आलेल्या ड्रायव्हरला मात्र ही चौकट नसते.

हार्ड डिस्कच्या कंट्रोलरला कृपा करून हात लावू नका. तिथे गडबड झाली तर विंडोज सुरूच होत नाही, निळा स्क्रीन येतो. कीबोर्ड-माऊस यूएसबीचे असतील, तर यूएसबी कंट्रोलरही काढू नका, दोन्ही एकदम बंद पडतात. जुन्या मशीनला पीएस/२चं (कीबोर्ड-माऊसचं जुनं, गोल) पोर्ट असतं, तेव्हा त्याचा एक कीबोर्ड आम्ही दुकानात यासाठीच ठेवलाय.