संख्याशास्त्राची पदवी घेऊन गुन्हेगारीशास्त्राकडे वळावे का?

प्रश्न (विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. मी तालुक्याच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या वावरातील विहिरीवरून मोटारपंपाची केबल चोरीला गेली. तांबे काढण्यासाठी चोरांनी ती नाल्याच्या काठी जाळली, तिथे काळा डाग तेवढा उरला. आजूबाजूच्या सात-आठ शेतकऱ्यांना विचारले, तर बहुतेकांकडे असेच घडले होते. फिर्याद मात्र एकानेच दिली होती, कारण ऐन वेचणीच्या दिवसांत काम सोडून ठाण्यात चकरा मारण्यापेक्षा नवी केबल आणणे इतरांना परवडत होते. मी या सगळ्याची एक वही केली आहे आणि तेव्हापासून हाच विषय शिकावासा वाटतो. त्यासाठी डेटा विश्लेषण किती यावे लागते आणि शिकायला कुठे जावे? वडिलांच्या मते मी बी.एड. करावे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, अमरावती)

तुमच्या वहीत जे आले आहे, ते या शास्त्रातील सर्वांत जुने कोडे आहे. 19व्या शतकात फ्रान्समध्ये गेरी आणि बेल्जियममध्ये क्वेटले यांनी सरकारी आकडेवारीवरून गुन्ह्यांचा अभ्यास सुरू केला, तेव्हाच उघडकीस न आलेल्या गुन्ह्यांचे काय करायचे, हा प्रश्न क्वेटले यांच्यापुढे उभा राहिला होता. आपल्याकडे गुन्ह्यांचा राष्ट्रीय वार्षिक अहवाल 1953 पासून निघतो आणि आता तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग काढतो. त्यातील तक्त्यांना हात लावण्याआधी मोजणीचे नियम वाचा. एकाच फिर्यादीत खून आणि चोरी दोन्ही असतील, तर मोजणीत सर्वांत गंभीर असा एकच गुन्हा, म्हणजे खून, धरला जातो. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी चोऱ्या कमी झाल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

उत्तर २ (विश्लेषक, मूळ गाव वर्धा जिल्ह्यात)

ताई, तुमचे संख्याशास्त्र वाया जाणार नाही. आर आणि क्यूजीआयएस या दोन्ही प्रणाली मोफत मिळतात; पहिलीत विश्लेषण होते, दुसरीत नकाशे. गावनिहाय चोऱ्यांचे आकडे लहान असतात आणि शून्ये पुष्कळ असतात, म्हणून साधे रेषीय प्रतिगमन (आकड्यांतून सरळ रेषा बसवण्याची पद्धत) लावू नका. घटनांच्या मोजणीसाठी असलेल्या पॉयसाँ प्रतिमानापासून सुरुवात करा आणि विचरण, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, सरासरीपेक्षा बरेच जास्त दिसले, तर अशा विखुरलेल्या आकड्यांना चालणारे ऋण द्विपद प्रतिमान वापरा. प्रवेशाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या: नागपूरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था प्रयोगशाळेतील पुराव्यांचे शिक्षण देते, ते वेगळे शास्त्र आहे. गुन्हेगारीशास्त्रासाठी मध्य प्रदेशातील सागरचे विद्यापीठ, राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे दिल्ली केंद्र आणि मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था यांची माहितीपत्रके मागवा. वडिलांना ती वही दाखवा. केबल त्यांचीच गेली आहे, त्यामुळे त्यांना हा विषय समजावून सांगणे सोपे जाईल.

उत्तर ३ (विधी शाखेचा विद्यार्थी)

मी फासेपारधी समाजातला आहे. 1871 च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी चोरी कुठेही झाली तरी पोलिसांची गाडी आधी आमच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, येते. जिथे तपास जास्त, तिथे नोंदी जास्त. पुढचा गुन्हा कुठे घडेल हे संगणकाला याच नोंदींवरून शिकवले, तर तो पुन्हा आमच्याच बेड्याकडे बोट दाखवेल. तुम्ही हे शास्त्र शिकणार असाल, तर कृपया एवढे तपासत राहा की नकाशावरचा ठिपका चोरीच्या जागेचा आहे की अटकेच्या जागेचा.

विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. दादा, माझ्या वहीत 'चोरी कुठे झाली' एवढाच रकाना होता. आज 'तक्रार का केली नाही' आणि 'संशयावरून कोणाला नेले' असे दोन रकाने वाढवले आहेत. रविवारी त्या सगळ्या शेतकऱ्यांकडे पुन्हा जाणार आहे, वडीलही सोबत येतो म्हणाले.