मदत हवी आहे: सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम) स्पेक्ट्रम २०० नॅनोमीटरखाली बिघडतोय
नमस्कार मंडळी. कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइम या प्रोटीनचा सीडी स्पेक्ट्रम घेतेय, म्हणजे ते डावा आणि उजवा वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश किती वेगवेगळा शोषतं हे मोजून त्याची रचना ताडतेय. २०८ आणि २२२ नॅनोमीटरजवळ अल्फा हेलिक्सची (प्रोटीनच्या साखळीतल्या सर्पिल भागाची) खूण छान दिसते, पण २०० च्या खाली डिटेक्टरचं व्होल्टेज एकदम चढतं आणि रेघ थरथरायला लागते. प्रोटीन ज्या द्रावणात आहे त्या बफरमध्ये १५० मिलिमोलर मीठ (सोडियम क्लोराइड) आहे. क्लोराइड तिथला प्रकाश शोषतं, त्यामुळे संशय त्याच्यावरच. १० मिलिमोलर फॉस्फेट आणि मिठाऐवजी सोडियम फ्लोराइड घेऊ का? बफर डायलिसिसने (पडद्यातून क्षार झिरपवून) बदलावा की डिसॉल्टिंग कॉलमने (क्षार वेगळे करणाऱ्या नळीतून)? क्युव्हेट (नमुना ठेवायची पारदर्शक कुपी) १ मिलिमीटर प्रकाशमार्गाची आहे, ०.१ ची जास्त बरी पडेल का?

या प्रोटीनची रचना १९६५ पासून एक्स-रे क्रिस्टलोग्राफीमुळे माहीत आहे, म्हणजे स्पेक्ट्रमवरून काढलेला हेलिक्स आणि शीटच्या प्रमाणाचा माझा आकडा पडताळता येईल. पण १९० पर्यंतचा डेटा स्वच्छ नसेल तर बीटा शीटचा (साखळीच्या शेजारी-शेजारी जुळलेल्या पट्ट्यांचा) अंदाज भरवशाचा नाही. कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.