फलाटावर लिफ्ट आली, पण गाडीत चढायचं कसं?

फलाटप्रेमी:
सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता याव्यात म्हणून सरकारचं सुगम्य भारत अभियान डिसेंबर २०१५ ला सुरू झालं, तेव्हापासून बऱ्याच मोठ्या स्टेशनांवर लिफ्ट आणि रॅम्प आले हे मान्य. पण व्हीलचेअर फलाटावर पोचली की पुढे काय? उंच फलाट ७६० ते ८४० मिमी आणि एलएचबी (लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या नव्या धाटणीच्या) डब्याचा तळ साधारण १३०० मिमी, म्हणजे जवळपास अर्धा मीटर वर, मधे पायऱ्या आणि फट. दिव्यांग डब्याचं दार रुंद केलंय पण त्या दारातून आत जायला चांगल्या मोठ्या माणसाला पोत्यासारखं उचलून टाकतात, सगळा फलाट बघत असतो. चीड येते. सरकते जिने नंतर करा, आधी दाराशी पैसा घाला.

रूळकरी:
तळमळ पटते, उपाय नाही पटत. त्याच रुळांवरून मालगाड्या जातात, कधीकधी मापाबाहेरचा माल असतो, तो फलाटाला घासेल, म्हणून फलाट हवे तेवढे उंच करता येत नाहीत. मुंबईत लोकलसाठी ९०० मिमीपर्यंत नेलेत, सगळीकडे ते जमणार नाही. रॅम्प म्हणाल तर अर्ध्या मीटरला १:१२ चढ (एक मीटर वर जायला बारा मीटर लांबी) धरला की सहा मीटर लांबी होते, गाडी थांबणार दोन मिनिटं.

फलाटप्रेमी:
फलाट उंच करा असं मी म्हटलंच नाहीये. हाताने चालवायची चाकांवरची छोटी लिफ्ट ठेवा, आणि दिव्यांग प्रवाशाचं तिकीट असेल तिथे गाडी पाच मिनिटं थांबवा.

रूळकरी:
आणि मागच्या गाड्या? प्रवाशाने आधी कळवलं तर माणसं तयार ठेवता येतील, तेच व्यवहार्य आहे.

सांजवारा:
आधी कळवा म्हणे! घरी कुणी अचानक सिरीयस झालं तर कुणाला कळवायचं? बाकीचे तर ऐनवेळी जनरलचं तिकीट काढून चढतात ना. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मधे सांगितलंय की सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारक हवेत, नुसत्या शिफारशी नकोत. आणि तुम्ही दोघं व्हीलचेअरवरच अडकलात. मला दिसत नाही. आमचा डबा इंजिनाकडे आहे की शेवटी, हे गाडी यायच्या आधी घोषणेत सांगायला ना लिफ्ट लागते ना जादा थांबा, तरी कित्येकदा सांगत नाहीत, त्यात ऐनवेळी फलाट बदलला की संपलंच. कसाबसा डबा सापडला तर आत धडधाकट लोक बसलेले असतात, उठा म्हटलं तर आम्हालाच सर्टिफिकेट विचारतात.

रूळकरी:
घोषणेचा मुद्दा शंभर टक्के मान्य, ते उद्यापासून सुरू करता येईल. थांबा वाढवायला मात्र माझा अजूनही विरोध आहे.